लातूरकरीण

आपल्या मंडळाच्या अध्यक्षाबाईंनी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या म्हणून निरोप धाडला, तेव्हा मी प्रथम नकोच म्हटले. माझे शिक्षण सातवी पास. रोजचे लिहिणे म्हणजे किराण्याची यादी आणि भिशीचा हिशेब. इतिहासावर लिहिणे हे शिकल्यासवरलेल्यांचे काम. परंतु गेल्या वर्षात आमच्या घरी जो एक शोध चालला होता, त्यासाठी मी कंधार, लातूर, खरोसा, किल्लारी अशी हिंडून आले हे शेजारणींना ठाऊक होते. त्यांनी आग्रह धरला, म्हणून हे धाडस करीत आहे. चूकभूल पदरात घ्यावी.

सुरुवात अगदी साधी झाली. आमची धाकटी लेक नववीत आहे. तिला शाळेतून आपल्या घराण्याची वंशवेल काढून आणावयास सांगितले होते. आमच्या घरच्यांनी जेवताजेवताच नावे सांगितली. स्वतःचे, वडिलांचे, आजोबांचे, पणजोबांचे आणि त्यांच्याही वडिलांचे. पाव तासात पाच पिढ्या कागदावर उतरल्या. लेकीने कागद दोन्ही हातांनी धरून पाहिला आणि म्हणाली, "आई, ह्यात बायका कुठं आहेत?" खरोखरच, त्या कागदावरून पाहता आमच्या घराण्यात पाच पिढ्या पुरुषांच्या पोटीच पुरुष जन्मले असे दिसत होते!

घरात आत्याबाई होत्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई; आपल्याकडे तसेच म्हणण्याची रीत आहे. त्यांना विचारले. त्यांनी स्वतःच्या सासूबाईंचे नाव सांगितले, तेही जरा अडखळत, कारण जन्मात कधी उच्चारले नव्हते. त्याच्या मागचे विचारले तर म्हणाल्या, "आजेसासूबाईंना सगळे मोठ्या बाई म्हणायचे. नाव कोण विचारतंय?"

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरची जुनी पत्र्याची पेटी काढली. तीत सासऱ्यांच्या वडिलांच्या वेळचे कागद होते. सगळे उर्दूत. आपला मराठवाडा १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. शेतसाऱ्याची पावती असो की कचेरीचा हुकूम, सरकारी कागद उर्दूत लिहिला जाई. ज्यांच्या नावाचा कागद, त्यांनाच तो वाचता येत नसे, अशी पुष्कळ घरांची गत होती. आमच्या गल्लीत उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक वयस्कर गुरुजी राहतात. त्यांच्याकडे पेटी घेऊन गेले. त्यांनी चष्मा पुसून एकेक कागद उजेडात धरला. एका पावतीवर ते थांबले. सन १३४८ फसली. फसली सनात ५९० मिळवले की इंग्रजी सन निघते, म्हणजे १९३८ च्या सुमाराची पावती. पुढे म्हणाले, "ही तर बाईच्या नावाची आहे." तेथे मुसम्मात अमुक, बेवा अमुक असे लिहिले होते. मुसम्मात म्हणजे श्रीमती आणि बेवा म्हणजे विधवा. त्याच त्या मोठ्या बाई. नवरा वारला आणि मुलगा लहान, म्हणून जमीन त्यांच्या नावावर चढली होती. नवरा असता तर त्या बाईचे नाव कोणत्याही कागदावर आले नसते, हे मनात आले आणि मला भलतेच वाटले. घरी येऊन आत्याबाईंना नाव सांगितले. त्या तांदूळ निवडीत होत्या. हात थांबला. म्हणाल्या, "एवढं चांगलं नाव होतं होय त्यांचं!"

ह्यानंतर त्याच म्हणाल्या, कंधारला जाऊ. कंधार हे त्यांचे माहेर. नांदेडहून लोह्यामार्गे एस. टी.ने गेलो. नांदेडला पाहुणे आले की आपण त्यांना गुरुद्वारा दाखवतो, फार तर माहूरला नेतो. कंधारला कोणी नेत नाही. माझ्या लग्नाला पंचवीस वर्षे झाली आणि मीही तो किल्ला तेव्हाच प्रथम नीट पाहिला. तो डोंगरावर नाही, सपाटीवरचा भुईकोट आहे. भोवती रुंद खंदक. तट भक्कम आहे, दरवाजे एकामागून एक असे आहेत की सरळ आत घुसता येऊ नये. हा किल्ला बहामनी, निजामशाही, मोगल अशा पुष्कळांच्या हातून गेला. १६३१ साली शाहजहानच्या फौजेने तो वेढा घालून घेतला. आत फारसीतले शिलालेख आहेत. पण गाव त्याहून कितीतरी जुने. राष्ट्रकूट राजांचे हे मोठे ठाणे होते. वेरूळचे कैलास लेणे ज्या कृष्णराजाच्या काळचे म्हणतात, त्याच घराण्यातला तिसरा कृष्ण दहाव्या शतकात होऊन गेला, आणि त्याच्या काळातला कंधारचा संस्कृत शिलालेख प्रसिद्ध आहे. त्यात येथल्या देवळांची आणि जगत्तुंग समुद्र नावाच्या तलावाची नावे आहेत. जगत्तुंग ही त्या घराण्यातली पदवी.

आता गंमत पाहा. गावाशेजारच्या तलावाला लोक आजही जगतुंग सागर म्हणतात. राजे गेले, राजधानी गेली, कंधारला पाच-सहा राजवटी आल्या आणि गेल्या, पण तळ्याचे नाव धुणे धुणाऱ्या बायकांच्या आणि गुरे पाजणाऱ्यांच्या तोंडी हजार वर्षे टिकले. आत्याबाई म्हणाल्या, "आम्ही ह्यातच पोहायला शिकलो. कोण्या राजाचं आहे हे कुणाला ठावं?" कंधारजवळ एका प्रचंड क्षेत्रपालाच्या मूर्तीचे तुकडेही आहेत. पाऊल, बोटे. मूर्ती अखंड असती तर पन्नास फुटांच्या आसपास भरली असती असा जाणत्यांचा अंदाज आहे. त्या दगडी पावलापुढे आमच्या आत्याबाई उभ्या राहिल्या तेव्हा त्या एवढ्याशा दिसू लागल्या.

परंतु मला कंधारची आठवण राहील ती वेगळ्याच गोष्टीसाठी. परतताना बाजारात भाजी घेण्यास थांबलो. एक म्हातारी मेथीच्या जुड्या लावून बसली होती. तिने वर पाहिले, डोळे बारीक केले आणि एका नावाने हाक मारली. मी आजूबाजूला पाहिले, कोणाला हाक मारते म्हणून. आणि आत्याबाई चटकन वळल्या! ते त्यांचे माहेरचे नाव. लग्नात नाव बदलले, तेव्हापासून सासरी कोणी ते घेतले नव्हते. मी पंचवीस वर्षे त्यांच्या हाताखाली नांदले, त्यांचे दुखणेखुपणे काढले, आणि ते नाव मला त्या दिवशी एका भाजीवालीकडून कळले. दोघी रस्त्यावरच गळ्यात पडल्या. जुड्यांचे पैसे काही तिने घेतले नाहीत.

सासरकडचे असे जमत आले, तेव्हा लेक म्हणाली, आता तुझ्याकडचे. मी म्हटले, बघू. खरे सांगायचे तर मला तिकडे हात घालावयाचा नव्हता. माझे माहेर किल्लारीचे आहे.

किल्लारी म्हटल्यावर पुढचे सांगण्याची गरज पडत नाही. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा निजले होते. पहाटे चारला काही मिनिटे कमी असताना भूकंप झाला. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, ह्या दोन जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या जवळपास माणसे गेली. बावन्न गावे अशी उद्ध्वस्त झाली की ती नव्या जागी वसवावी लागली. आमच्या घरातली तीन माणसे गेली: आजी, चुलती आणि माझी सहा वर्षांची धाकटी बहीण. आई आणि मी विसर्जन पाहून उशिरा आलो होतो. आत पाहुण्यांची दाटी, म्हणून अंगणातल्या पत्र्याच्या छपरीत आडवे झालो, एवढ्यामुळे राहिलो. तेव्हा मी आठवीत होते. चार महिने झाले होते. शाळा पुढे पत्र्याच्या शेडमध्ये भरू लागली, पण घरात करणारे कोणी नव्हते. माझे नाव पुन्हा पटावर आले नाही.

आईला फोन केला. ती नव्या किल्लारीत थोरल्या भावाकडे असते. म्हणाली, "फोनवर सांगायच्या गोष्टी नव्हंत ह्या. ये."

गेले. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूर. लोह्याच्या पुढे माळेगाव लागते, खंडोबाच्या मोठ्या यात्रेचे. लातूरला मावसभावाकडे मुक्काम केला. तो शिक्षक आहे. रात्री त्याला राष्ट्रकूटांचे विचारले, कारण कंधारपासून ते डोक्यात बसले होते. त्याने एक नवीच गोष्ट सांगितली. हे राष्ट्रकूट राजे आपल्या ताम्रपटांत आणि शिलालेखांत स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत, म्हणजे लट्टलूर ह्या श्रेष्ठ नगराचे धनी. लट्टलूर म्हणजे आपले लातूर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. राजधानी तर त्यांची मान्यखेटला, आजच्या कर्नाटकातल्या मळखेडला. नववे शतक उजाडले तेव्हा लातूर सोडून त्यांना पिढ्या लोटल्या असतील, तरी नावापुढे गाव तेच. पुढे सौंदत्तीचे रट्ट राजे झाले, तेही तीच बिरुदावली लावीत. मी म्हटले, हे तर आपल्या बायकांसारखेच झाले! नांदायला गेले मळखेडला आणि माहेर सांगायचे लातूरचे. मावसभाऊ हसला. म्हणाला, "ताई, असं पुस्तकात कुणी लिहिलं नाही." नसेल लिहिले.

औशाचा भुईकोट वाटेत लागला. खोलगट जागी असल्यामुळे तो लांबून दिसतच नाही, आणि बसमधून काय दिसणार! त्याविषयी पुन्हा कधी.

दुसऱ्या दिवशी जुन्या गावठाणात जाऊ म्हटले तर आई म्हणाली, आधी खरोशाच्या देवीला. मला कळले की तिलाही लगेच तिकडे जाववत नव्हते. भाच्याने रिक्षा केली आणि लामजन्यावरून खरोशाला गेलो. डोंगरावर रेणुकादेवीचे देऊळ आहे आणि त्याच डोंगरात लेणी कोरलेली आहेत. बारा तरी असतील. सहाव्या-सातव्या शतकातली म्हणतात, म्हणजे राष्ट्रकूटांच्याही आधीची. बहुतेक शंकराची. आत पिंड, भिंतीवर नरसिंह, शिवपार्वती, कार्तिकेय, कैलास हलवणारा रावण. दगड जांभा, भोके पडलेला, त्यामुळे चेहरे झिजून गेले आहेत. वेरूळचा तुकतुकीत दगड पाहिलेल्यांना ही लेणी ओबडधोबड वाटतील. बर्जेस नावाच्या स्कॉटिश साहेबाने १८७० नंतरच्या काही वर्षांत येथे येऊन त्यांची नोंद केली. त्या दिवशी मात्र आम्हा तिघांशिवाय तेथे चिटपाखरू नव्हते.

आईने आत जाऊन खांबाला हात लावला. बराच वेळ तसाच ठेवला. मग म्हणाली, "हे न्हाई पडलं."

मी काय बोलणार? लेणे म्हणजे डोंगरातून कोरून काढलेला एकच दगड. पडायला त्याला सांधा नाही. आमची घरे तशी नव्हती. नव्या मुलींना माळवद म्हणजे काय ते ठाऊक नसेल, म्हणून लिहिते. जाड दगडी भिंती, दोन-दोन, अडीच-अडीच फुटांच्या, पण दगड मातीत बसवलेले. वर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, आणि फळ्यांवर हातभर पांढरी माती. उन्हाळ्यात आत गारवा, थंडीत ऊब. गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी वरती आणखी माती टाकायची. ते काम बायकांचे. टोपल्या आम्हीच वाहिल्या. म्हणजे आजीने, तिच्या सासूने, तिच्याही आधीच्या कोणी बाईने वर्षानुवर्षे जी माती डोक्यावरून वर नेली, ती सगळी त्या पहाटे एकदम खाली आली. पुढे इंजिनियर लोकांनी सांगितले की भूकंपापेक्षा त्या ओझ्याने माणसे अधिक मेली. घर जितके थोर आणि जुने, तितकी माती जास्त. आम्हाला आमच्या जुन्या घराचा मोठा अभिमान होता.

तिसऱ्या प्रहरी जुन्या गावठाणावर गेलो. गेल्या तीस-बत्तीस वर्षांत तेथे बाभळी माजल्या आहेत. मृतांचा स्मृतिस्तंभ आहे; दर ३० सप्टेंबरला लोक जमतात. बाकी ढिगारे. आईने मारुतीच्या पारापासून मनाशी गल्ल्या मोजल्या आणि एका उंचवट्यावर उभी राहून म्हणाली, हे आपले. मग थोडे पुढे गेली. म्हणाली, "न्हाई, हे असंल." पुन्हा मागे आली. दगड लोकांनी नव्या बांधकामाला नेले, उंबरे नेले, विहीर बुजली. जिच्या पायाखाली ते घर चाळीस वर्षांची होईपर्यंत होते, तिला ते सापडेना. मला वाटले ती आता रडेल. ती रडली नाही. पदर सावरून एका दगडावर बसली आणि उजव्या हाताने हवेतच घर दाखवू लागली. ही ढाळज. इथे गडी झोपत. हा सोपा. ही माजघराची भिंत, हिच्यात बळद, त्यात ज्वारी. ही देवळी, इथे दिवा. हे जाते. आणि प्रत्येक ठिकाणी तिला एकेक बाई आठवू लागली. ह्या खोलीत तुझी थोरली आत्या बाळंतपणात गेली. ह्या जात्यावर तुझी चुलत आजी दळायची, तिचा गळा असा की शेजारणी दळण घेऊन ऐकायला यायच्या. मी पिशवीतून वही काढली आणि लिहीत गेले. कुठली, केव्हा आली, लेकरे किती, माहेरचे नाव काय, सासरचे काय. नवे नाव आले की आई आधी इकडेतिकडे पाही, जणू कोणी ऐकेल.

शेवटी मी विचारले, "आजीच्या सासूचं नाव काय?"

आई थांबली. तिने तिच्या ह्या आजेसासूला पाहिले होते. ही नवी नवरी असताना ती अगदी म्हातारी होती, आंधळी झालेली. "तिला लातूरकरीण म्हणायचे," आई म्हणाली.

"ते झालं गं माय. पण नाव?"

"लातूरकरीण. सगळे तेच म्हणायचे. नाव तुझ्या आजीला ठावं होतं."

आजी त्या पहाटे गेली. आमच्या घरात लातूरकरणीचे नाव जाणणारे तेच एक माणूस होते. मी तेरा वर्षांची होते, रोज तिच्या कुशीत झोपत होते, आणि तिला मी गोष्टी विचारल्या राजाराणीच्या.

अंधार पडू लागला तशी भाच्याने घाई केली. रिक्षात आई म्हणाली की लातूरकरीण बैलगाडीतून आली तेव्हा तिचे वय आठ-नऊ वर्षांचे होते, आणि म्हातारपणी डोळे गेल्यावरही तोंड उत्तरेला करून बसायची. उत्तर कळायची कशी, तर म्हणे वाऱ्यावरून. किल्लारीहून लातूर उत्तरेलाच. रात्री मी वहीत त्या ओळीत 'लातूरकरीण' एवढेच लिहिले. मावसभावाने सांगितलेले ते लांबलचक बिरुद मला सारखे आठवत होते. त्या राजांची नावे मात्र तांब्यावर आणि दगडावर कोरलेली आहेत.

लेकीने वंशवेल शाळेत दिली. दोन्हीकडच्या मिळून अकरा बायका तीत आल्या, एकीचे फक्त गाव. बाईंनी विचारले, हे नाव की आडनाव? लेकीने काय सांगितले असेल ते तिलाच माहीत.

पुढच्या महिन्यात मंडळाची सहल काढावयाची आहे. देगलूर तालुक्यातले होट्टल सुचवले आहे. तेथे चालुक्यांच्या काळची देवळे आहेत, कोरीवकाम फार सुंदर, आणि अलीकडे त्यांची डागडुजीही झाली आहे. ज्यांना खरोशाला जावयाचे असेल त्यांनी पाणी आणि डबा बरोबर न्यावा. कंधारला शक्यतो माहेरवाशीण बरोबर असावी.

ह्या लेखात आमच्या घरच्या बायकांची नावे मी घातली नाहीत, हे वाचणारीच्या लक्षात आले असेल. माझी इच्छा होती. पण आत्याबाईंना वाचून दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, "बाकी काय लिहायचं ते लिही, माझं नाव छापू नको. बरं दिसत न्हाई." खूप समजावले, ऐकल्या नाहीत. मग एकीचे गाळून दुसरीचे कसे घालावे, म्हणून सगळीच राहिली. वही मात्र आमच्या घरी फडताळात आहे. ज्या भगिनींना पाहावयाची असेल त्यांनी दुपारी तीननंतर यावे. आत्याबाई तेव्हा जाग्या असतात. त्यांच्या पानावर आता दोन्ही नावे आहेत. त्यांतले माहेरचे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले आहे, पेन्सिलीने, आणि कोणी वाचू लागले की त्या उठून आत जातात.